हात न लावलेलं कुत्रं

नववी मेंढी होती ती. नववी! आणि हिवाळा अजून अर्धा शिल्लक होता.

आक्का कुंपणाशी उकिडवी बसून मेंढीची उरलीसुरली लोकर पाटीत भरत होती, आणि तिचा भाऊ शेजारी उभा राहून बोलत होता. तो बोलायचाच. गावानं त्याला रेडिओ म्हणायला सुरुवात केली ती काही उगाच नाही. सकाळी उठल्यापासून जो सुरू व्हायचा तो डोळा लागेपर्यंत. फरक एवढाच, की खऱ्या रेडिओला बंद करायला निदान बटण तरी असतं.

"तीन लांडगे असणार," तो म्हणाला. "ठसे बघ. त्यातला एक लंगडतोय. मी गिरणीवाल्याला मागंच म्हणालो होतो, यंदा गारठा जास्त, लांडगे खाली उतरणार. तर तो म्हणतो कसा..."

"कुंपण कोण बांधणार होतं?"

"बांधणारच होतो."

"कधी? मेंढ्या संपल्यावर? वरातीमागून घोडं!"

"माझ्यावर कशाला खेकसतेस? लांडगा काय मला विचारून येतो?"

"विचारायची गरजच काय त्याला! लांबून तुझा आवाज ऐकतो आणि म्हणतो, हा बाबा बोलत बसलाय, तेवढ्यात आपण जेवून घेऊ."

रेडिओ हसला. आक्का नाही हसली. तिनं पाटी उचलली, वाडग्यातल्या मेंढ्या मोजल्या. एकतीस. मागच्या हिवाळ्यात हे वाडगं भरून वाहत होतं, मेंढीला मेंढी घासायची. आता मधे माणूस आडवा झोपेल एवढी जागा रिकामी पडली होती.

आता ही दोघं बहीणभाऊ म्हणजे गावाच्या वरच्या टोकाला राहणारी शेवटची माणसं. आक्काचा नवरा गेला तशी ती माहेरी परत आली, आणि रेडिओचं लग्न कधी झालंच नाही. मुली बघायला गेला की तोच एवढा बोलायचा, की मुलीकडच्यांना हो म्हणायला सवडच मिळायची नाही. दोन खोल्या, एक पडवी, पडवीला लागून मेंढ्यांचं वाडगं, आणि त्यामागं नुसता डोंगर. मेंढ्या होत्या म्हणून घर होतं. मेंढ्या गेल्या तर रेडिओ वीटभट्टीवर, आणि आक्का शहरात, बहिणीच्या मुलाच्या घरी. भाच्याचा निरोप दर दोन महिन्यांनी यायचाच. "मावशी, या ना इकडं. घरात वडीलधारं माणूस हवं." आक्का एकदा चार दिवस जाऊन आली होती. वडीलधाऱ्या माणसाला तिथं सकाळी सहाला उठून अख्ख्या घराची भांडी घासायची होती, आणि सूनबाईनं मोलकरणीला आधीच सुट्टी देऊन टाकली होती. परत आल्यावर आक्का वाडग्यात जाऊन बसली आणि मेंढ्यांचा वास छातीभर ओढून घेतला. "मरेन तर इथं," ती म्हणाली होती.

"कुत्रं आणू या," ती आता म्हणाली.

"कुत्रं? गिरणीवाल्याकडं आहे की एक. काय भुंकतं! परवा तर..."

"तसलं नाही. मेंढ्यांचं कुत्रं. वरच्या म्हाताऱ्याकडं असतात तसलं."

वरचा म्हातारा म्हणजे डोंगरापलीकडचा मेंढपाळ. त्याच्या कळपाला लांडगा शिवत नाही असं सगळे म्हणायचे. त्याची कुत्री कुणाला विकत मिळत नसत. माणूस पसंत पडला तर म्हातारा पिल्लू द्यायचा, नाहीतर पाणी पाजून परत पाठवायचा.

थंडी सरल्यावर दोघं गेली. अर्धा दिवस चढण, आणि सगळी चढण रेडिओ बोलत. म्हातारा दगडी आडोशाला बसला होता. त्याच्या वाडग्यात सहा पिल्लं होती, दोन महिन्यांची, पांढुरकी, मोठ्या पंजांची. रेडिओनं चुटकी वाजवली तसं त्यातलं एक धडपडत धावत आलं आणि त्याच्या जोड्याची वादी चावायला लागलं.

"हेच!" रेडिओ ओरडला. "बघ काय धीट आहे! ओळखलं की नाही मला?"

"ते राहू द्या," म्हातारा म्हणाला. "जे तुमच्याकडं धावत येतं ते तुमचं होणार. दारात बसून तुमची वाट बघणार. मेंढ्या गेल्या खड्ड्यात. ते तिकडचं बघा."

कोपऱ्यात एक मेंढी रवंथ करत बसली होती आणि तिच्या पोटाला टेकून एक पिल्लू झोपलं होतं. एवढा गलका झाला तरी त्यानं फक्त एक डोळा उघडला, माणसांकडं बघितलं, आणि तोंड लोकरीत खुपसलं.

"हे आळशी आहे," रेडिओ म्हणाला.

"हे शहाणं आहे. याला आत्ताच कळलंय आपलं घर कुठलं ते."

आक्काला ते पिल्लू त्या क्षणी पसंत पडलं. तिला तरी माणसांचं कुठं एवढं कौतुक होतं!

म्हाताऱ्यानं पिल्लू टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं, आणि आक्काला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. घरात न्यायचं नाही, कितीही थंडी पडली तरी. खायला घालायचं ते वाडग्यात, मेंढ्या खात असतील तेव्हाच. नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की माणूस दिवसातून दहा वेळा हाक मारतो. दहा-अकरा महिन्यांचं झालं की मस्ती चढेल, कोकरांच्या मागं धावेल, पाय ओढेल. तेव्हा त्याला एखाद्या तापट म्हाताऱ्या मेंढीबरोबर कोंडायचं, तीच त्याला वळण लावेल. दोन वर्षं थांबायचं. त्याच्या आधी कुत्र्याला कुत्रं म्हणायचं नाही.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," म्हातारा म्हणाला, "लळा लावायचा नाही..."

तो पुढं आणखी काही तरी म्हणाला. पण नेमकं तेव्हाच रेडिओला गिरणीवाल्याचं गाढव आठवलं. गिरणीवाल्यानं म्हणे गाढवाला एवढा लळा लावला की ते त्याच्यामागून थेट न्हाव्याच्या दुकानात शिरलं आणि खुर्चीसमोरच्या आरशात बघून ओरडायला लागलं. ही गोष्ट रेडिओनं हातवारे करून, गाढवाच्या आवाजासकट सांगितली. म्हातारासुद्धा बोळक्या तोंडानं हसला. मग उशीर झाला, उतरायचं होतं, टोपलीतलं पिल्लू कुईकुई करत होतं. सगळे उठले.

लळा लावायचा नाही. आक्कानं एवढं ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं.

आणि आक्का म्हणजे कशी बाई! एकदा धरलं की सुटायचं नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लू आईवाचून रडरड रडलं. रेडिओ म्हणाला, "अगं, जरा मांडीवर घेऊ का? पाचच मिनिटं." तर ही काठी घेऊन पडवीत बसली. दूध ठेवायची ते लांब दांड्याला वाटी बांधून. पिल्लाच्या पायात काटा गेला तर तीन दिवस ते लंगडत होतं. हिनं ओठ दाताखाली दाबून बघितलं, पण हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लानं स्वतःच चाटून चाटून काटा काढला. "बघ," आक्का म्हणाली, "त्याचं त्याला कळतं."

तिला वाटत नव्हतं असं नाही. कुणाला वाटणार नाही? सकाळी ती वाडग्याचं फाटक उघडायची तेव्हा ते कोकरांच्या घोळक्यातून मान वर करायचं आणि कान टवकारायचं. तिचा हात आपोआप पुढं जायचा. मग ती तो हात पदरात गुंडाळून घ्यायची.

दहाव्या महिन्यात मस्ती चढली, अगदी म्हाताऱ्यानं सांगितल्यासारखी. एका कोकराचा कान फाडला. आक्कानं त्याला काणीबरोबर कोंडलं. काणी म्हणजे कळपातली एका डोळ्यानं आंधळी, सगळ्यात खवट मेंढी. तिनं दोन दिवसांत त्याला असं बुकललं, की त्यानंतर काणी पाणी प्यायला निघाली तरी कुत्रं अदबीनं बाजूला व्हायचं. रेडिओनं ही गोष्ट गावात सगळ्यांना सांगितली. "आमच्या कुत्र्याला सासू मिळाली," तो म्हणायचा.

मग दोन हिवाळे गेले. आणि खोटं कशाला बोला, दोन हिवाळ्यांत एक खूरसुद्धा गेला नाही. लांडगे यायचे. सकाळी कुंपणाबाहेर ठसे दिसायचे, कधी रक्ताचे थेंब, आणि कुत्रं मेंढ्यांच्या मधोमध बसून पंजा चाटत असायचं. एकतिसाच्या सत्तेचाळीस झाल्या. भाच्याच्या निरोपाला आक्का आता हसून उत्तर पाठवायची.

माणूस म्हटलं की ते गुरगुरायचं. आक्का किंवा रेडिओ आले तर गुरगुरायचं नाही, पण चार हातांच्या आत यायचंही नाही. तीन पावलं पुढं टाकली की ते तीन पावलं मागं. जनावरांचा डॉक्टर दरवर्षी मेंढ्यांना लस टोचायला यायचा. त्यानं दोन्ही वर्षी विचारलं, "कुत्र्यालाही टोचून टाकू?"

"टोचा की!" रेडिओ छाती फुगवून म्हणाला. "हात लावून दाखवा आधी. अहो, आम्ही आजपर्यंत हात लावला नाही त्याला!"

"मग कधी तरी दोरी घालायला शिकवा हो, आक्का. उद्या काही झालं तर?"

"म्हाताऱ्यानं सांगितलंय," आक्का म्हणाली. "ज्याचं काम त्यालाच कळतं, डॉक्टर." आणि हे म्हणताना तिला केवढा अभिमान वाटला होता!

तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, कोल्हा आला.

कोल्हा कधी दुपारी येतो का? आक्का पडवीत लोकर निवडत होती. मेंढ्या उतारावर चरत होत्या. कोल्हा उघड्यावरून, सरळ चालत आला. माणसं बघून बिचकला नाही, काही नाही. तोंडातून फेसाची तार लोंबत होती आणि मागचे पाय एका बाजूला जात होते. आक्का ओरडायला उठली, तोवर कुत्रं मधे आलं होतं. कोल्हा मेंढ्यांकडं वळला, कुत्र्यानं त्याला आडवा पाडला. सगळं मिळून चहा गाळायला लागतो तेवढा वेळ लागला असेल. कोल्हा मेला. एकाही मेंढीला दात लागला नाही. कुत्र्याच्या वरच्या ओठाला आणि गालाला दोन खोल चावे होते.

डॉक्टर संध्याकाळच्या आत आला. मेलेला कोल्हा काठीनं उलटा केला, आणि वाकून त्याचं तोंड बघितलं.

"पिसाळलेलाच होता," तो म्हणाला. "यात शंकाच नाही. आक्का, ऐका. कुत्र्याला आज पहिली सुई द्यायला हवी. एकूण पाच सुया, ठरलेल्या दिवशी. जखम साबणानं धुवायला हवी. तोंडाजवळचा चावा आहे, उशीर चालत नाही."

"द्या की."

"धरा त्याला."

आक्कानं रेडिओकडं बघितलं. रेडिओनं आक्काकडं बघितलं. कुत्रं वाडग्यात, मेंढ्यांच्या मधोमध बसलं होतं.

आक्का आत गेली. हातात दोरी घेऊन, अगदी हळू. कुत्रं उठलं. ती एक पाऊल पुढं, ते एक पाऊल मागं. तिला हाक मारायची होती. पण काय म्हणून? अडीच वर्षांत त्याला कुणी काही म्हटलंच नव्हतं. "ये," ती म्हणाली. "ये रे. ये, बाळा." तिचाच आवाज तिला परका वाटला. कुत्र्यानं कान पाडले आणि ते काणीच्या मागं जाऊन उभं राहिलं. अंधार पडेपर्यंत ती दोरी घेऊन तिथं फिरत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती डोंगर चढून म्हाताऱ्याकडं गेली. एकटी. म्हातारा आता अंथरुणाला खिळला होता. तिनं सगळं सांगितलं.

"अगं, मग दोरी घाल आणि धर," तो म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"दोरी कशी घालू? हात लावू देत नाही ते."

"का?"

"म्हणजे काय? तुम्हीच म्हणालात ना, लळा लावायचा नाही!"

"लळा लावायचा नाही, सवय लावायची, असं म्हणालो मी." म्हातारा कोपरावर उठून बसला. "रोज एकदा गळ्यात दोरी. रोज तोंड उघडून दात बघायचे, पंजे दाबायचे, आणि सोडून द्यायचं. कुरवाळायचं नाही, बोलायचं नाही, पण हाताची सवय हवीच. नाही तर आजारी पडल्यावर कुत्र्याचं करायचं काय? एका दमात सांगितलं होतं मी. तू समोरच बसली होतीस."

आक्का समोरच बसली होती. आणि रेडिओ गाढवासारखा ओरडत होता.

"तुम्ही या खाली," ती म्हणाली. "पाठुंगळीला घेऊन जाते मी तुम्हाला."

"मी येऊन काय करू, पोरी? दोन महिन्यांचं असताना एका बोटानं होतं ते काम. आता दहा माणसांनी नाही व्हायचं."

उतरताना ती रडली नाही. तिला नुसती चीड आली होती. भावाची, गाढवाची, स्वतःच्या कानांची. आयुष्यात एकदा कुणाचं नीट ऐकलं, आणि तेही अर्धं!

घरी आल्यावर तिनं रेडिओला सांगितलं. त्यानं आधी वाद घातला, मग ते आठवून त्याचा चेहरा पडला, आणि मग तो काय करणार? उचलली जीभ लावली टाळ्याला. "जाळं टाकू या," तो म्हणाला. "फौजीला बोलावतो. गिरणीवाला पण येईल."

जाळं टाकलं. फौजी, म्हणजे सैन्यातून परत आलेला खालच्या आळीतला माणूस, अंगानं धिप्पाड. त्यानं एक टोक धरलं, गिरणीवाल्यानं दुसरं. जाळ्यात काणी सापडली आणि दोन कोकरं सापडली. कुत्रं फौजीच्या खांद्यावरून उडी मारून गेलं, आणि अख्खा कळप घेऊन वरच्या खडकाळीत चढलं. दोन दिवस खाली उतरू दिलं नाही त्यानं मेंढ्यांना. त्याच्या लेखी आता लांडगे आम्हीच होतो, असं फौजी नंतर म्हणाला.

डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. आक्कानं खाण्यात कालवून ठेवल्या. त्यानं खाल्लं. पाय लटपटायला लागले, डोळे अर्धे मिटले, तसं ते दोन मेंढ्यांच्या मधे जाऊन उभं राहिलं, अंग त्यांच्यावर टेकून, पडू नये म्हणून. डॉक्टर सुई घेऊन गुडघ्यांवर रांगत गेला. वीतभर अंतर राहिलं असेल. अर्ध्या झोपेतच त्यानं झेप घेतली, दात डॉक्टरच्या बाहीत अडकले, शर्ट फाटला. कातडीला लागलं नाही ते डॉक्टरचं नशीब. त्यानं बाहेर येऊन बाही बघितली आणि सुई पेटीत ठेवून दिली.

"माफ करा आक्का," तो म्हणाला. "मलाही बायकोपोरं आहेत."

लांबून सुई मारायची बंदूक जंगल खात्याकडं होती. रेडिओ दोनदा जाऊन आला. बंदूक होती, पण ती चालवणारा माणूस रजेवर होता. तो आल्यावर अर्ज बघू, म्हणाले.

"आता सुईचा उपयोग नाही," दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाला. "दोनच गोष्टी उरल्या. एक तर फौजीला सांगा, लांबून गोळी घालेल. आजच. नाही तर लक्ष ठेवा, आणि वागणं बदललं की त्या क्षणी घाला. वागणं उलटं होतं, आक्का. शांत असेल तर अंगावर येईल, अंगावर येणारं असेल तर वेगळंच काही करेल. पाणी गिळता येणार नाही, आवाज फाटेल. आणि तेव्हा उशीर झाला, तर ते या सत्तेचाळीसही मेंढ्यांना चावेल. हे सगळं तुमच्या जिवावर."

"चाव्यातून प्रत्येक वेळी होतंच का?"

"प्रत्येक वेळी नाही."

ह्या तीन शब्दांवर आक्का दोन आठवडे जगली. रोज सकाळी फाटकाशी बसायची. ते पाणी पितंय का, बघायची. पितंय. काणीला वाट देतंय का. देतंय. माणूस बघून मागं सरतंय का. सरतंय. "सरतंय गं!" रेडिओ म्हणायचा, आणि दोघांना एवढा आनंद व्हायचा, की कुत्रं आपल्यापासून लांब पळतंय म्हणून माणसं हसताना गावानं पहिल्यांदाच बघितली असतील. जखम भरून आली. ओठावर नवी गुलाबी कातडी धरली. रेडिओनं गिरणीवाल्याला सांगूनही टाकलं, की आमचं कुत्रं वाचलं.

चोविसाव्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर, आक्का पडवीच्या पायरीवर बसली होती. मेंढ्या उतारावर होत्या. कुत्रं त्यांना सोडून निघालं.

ते कधीच त्यांना सोडून निघत नसे. ते अंगण ओलांडून आलं, शेपूट हळूहळू हलवत, सरळ तिच्याकडं. थांबलं नाही. पायरीशी येऊन त्यानं आपलं मोठं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

आक्काचा हात त्याच्या मानेवर कधी गेला ते तिलाही कळलं नाही. लोकर वरून राठ होती आणि आत मऊ, गरम. अडीच वर्षं तिला वाटत होतं तशीच. तिनं कानामागं खाजवलं. त्यानं डोळे मिटले. त्याचा खालचा जबडा सैल लोंबत होता, आणि तिचं लुगडं मांडीपाशी ओलं होत चाललं होतं.

"आक्का!" रेडिओ दारातून ओरडला. "अगं बाई! माणसाळलं की गं! बघ! बघ, स्वतःहून आलं! आता सुई देता येईल, डॉक्टरला सांगतो, धावत जातो..."

"फौजीला सांग," आक्का म्हणाली.

"काय?"

"फौजीला बोलाव. बंदूक घेऊन ये म्हणावं. आणि दोरी दे मला ती, खुंटीवरची."

"तुला वेड लागलंय का? गरीब गाय झालंय ते!"

"जा रे!" ती ओरडली, आणि तो गेला.

दोरी गळ्यात सहज गेली. तिनं त्याला उठवलं, तसं ते उठलं आणि तिच्या बरोबरीनं चाललं, मागचे पाय जरा वाकडे टाकत. तिनं त्याला मेंढ्यांपासून लांब, घराच्या मागच्या झाडाला बांधलं. पाण्याचं भांडं ठेवलं. त्यानं तोंड घातलं, घशातून घोगरा, फुटका आवाज काढला, आणि पाणी तसंच बाहेर आलं.

फौजी आला, गिरणीवालाही आला. कुत्र्यानं शेपूट हलवली. फौजीनं बंदूक खाली केली.

"आक्का, हे पिसाळलंय?" तो म्हणाला. "माझ्या पोराच्या कुत्र्यापेक्षा गरीब आहे हे. खात्री आहे ना तुझी? एकदा गोळी गेली की गेली."

"तेच तर सांगतोय मी!" रेडिओ रडकुंडीला आला होता. "इतके दिवस जवळ येत नव्हतं म्हणून रडलो, आता जवळ आलं तर मारता? डॉक्टर येईपर्यंत तरी थांब. एक दिवस थांब. अगं, तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं त्यानं!"

"म्हणूनच," आक्का म्हणाली. "ते शुद्धीत असतं तर आलं नसतं."

कुत्रं तिच्याकडं येण्यासाठी दोरी ताणत होतं, पुन्हा पुन्हा.

"मेंढ्या सोडून आलंय ते," ती म्हणाली. "मी ओळखते त्याला. घाल."

आवाजाबरोबर मेंढ्या उधळल्या नाहीत. त्या फक्त एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या आणि माना वर करून कुत्र्याला शोधत राहिल्या. संकट आलं की त्याच्याकडं बघायचं, ही त्यांची सवय होती. फौजीनं खड्डा खणायला घेतला. गिरणीवाला डॉक्टरला आणायला गेला.

आक्का हौदाशी बसली. बोटं लोकरकामानं चिरलेली, आणि कोपरापर्यंत लाळ वाळलेली. पाच सुया आता तिलाच घ्याव्या लागणार होत्या, हे कुणी सांगायची गरज नव्हती. रेडिओ तांब्यानं पाणी ओतत होता.

"साबण लाव," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणायचा, पंधरा मिनिटं धुवायचं. त्या जखमेचं सांगताना म्हणाला होता. पंधरा मिनिटं."

तिनं साबण लावला.

"दुसरं पिल्लू आणू," तो म्हणाला. "यावेळी मी तोंड शिवून बसतो. शप्पथ. म्हातारा देईल."

"दोन वर्षं लागतात."

"मग?"

"थंडी दोन महिन्यांवर आलीये. व्यापाऱ्याला निरोप दे. सगळ्या एकदम ने म्हणावं, काणीसकट."

"आणि तू?"

ती हात चोळत राहिली. भांडी घासून घासून असे हात कसे होतात ते तिनं त्या चार दिवसांत बघितलं होतं. पाणी गढूळ होऊन वाहत होतं. मऊ, गरम असं जे काही हाताला लागलं होतं, ते बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, ती घासून काढत होती.

"झालं का?" तिनं विचारलं.

रेडिओनं उन्हाकडं बघितलं. "नाही," तो म्हणाला. "अजून धू."